सुमित्रा भावे पाहायला घेताय? आधी ‘अस्तु’ की ‘कासव’?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीचे सिनेमे नव्याने पाहणारे बहुतेक जण ‘कासव’कडे आधी वळतात. ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सुवर्णकमळ मिळालं, त्यामुळे नाव कानावरून गेलेलं असतं. पण घरातल्या माणसांची गोष्ट हवी असेल, तर मी ‘अस्तु’ आधी पाहायला सांगेन.

चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे विद्वान. अल्झायमरने त्यांची स्मृती पुसत चालली आहे. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी खाली उतरते, तेवढ्यात रस्त्यावरून हत्ती जातो आणि म्हातारबाबा हरखून त्याच्या मागे चालू लागतात. इराची शोधाशोध सुरू होते आणि त्याबरोबर घरातले जुने हिशेबही उघडे पडतात: वडिलांना कोणी सांभाळायचं, कोणाच्या संसाराची किती ओढाताण झाली. तिकडे माहुताची कन्नड बोलणारी बायको चन्नम्मा. शास्त्री तिला ‘आई’ म्हणू लागतात आणि ती कसलीही चौकशी न करता ते आईपण पत्करते. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो पुरता तिच्या हक्काचा! पोटच्या मुलीला जे जड जातं ते या परकीला सहज जमतं, आणि तरीही सिनेमा इराला दोषी ठरवत नाही. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

‘कासव’मध्ये रक्ताचं नातं जवळजवळ नाहीच. नैराश्यातून सावरत असलेली जानकी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या एका तरुणाला कोकणातल्या आपल्या घरी आणते आणि प्रश्न न विचारता जपते. किनाऱ्यावर कासवांच्या संवर्धनाचं काम चालू असतं. चाल संथ आहे, शांतता भरपूर. कासवाचं रूपक मात्र मला जरा जास्तच अधोरेखित केल्यासारखं वाटतं.

दोन्हींत इरावती हर्षे आणि मोहन आगाशे आहेत. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ असल्यामुळे त्यांचा शास्त्री कुठेही ‘आजारी माणसाचा अभिनय’ वाटत नाही. नजर रिकामी होते आणि पुढच्याच क्षणी एखादा श्लोक अस्खलित येतो.

भावे मूळच्या समाजकार्याच्या क्षेत्रातल्या. वस्तीतल्या बायकांवरचं संशोधन त्या बायकांपर्यंत पोचावं म्हणून त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि १९८५मध्ये ‘बाई’ हा लघुपट केला. ‘दोघी’ (१९९५) हा पहिला मोठा चित्रपट. २०२१मध्ये त्या गेल्या, तोवर आजार हा अख्ख्या घराचा प्रश्न आहे, ही त्यांची दृष्टी पक्की राहिली. ‘देवराई’तही ती दिसते.

घरात विसरभोळेपणाकडे झुकलेलं कोणी असेल, तर ‘अस्तु’ एकट्याने पाहू नका, भावंडांना सोबत घ्या. मन आधीच खचलेलं असेल, तर दोन्ही थोडे लांबवा. ‘कासव’मध्ये आत्महत्येचा विषय थेट येतो. आणि ‘अस्तु’ आवडला, तर पुढचा ‘वास्तुपुरुष’ घ्या, उत्तरा बावकरांसाठी तरी.