थांबायचं की दाखवायचं?

"लेकाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असावं," असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं आणि घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, "चवथ (गणेशचतुर्थी) होऊदे, मग बघू. पहिलीतलं पोर ते!" थांबण्यात तथ्य आहे. लक्षणं किमान 6 महिने आणि घर, शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसावी लागतात. वर्गात वयाने सगळ्यांत लहान असलेलं मूल तर कधीकधी उगाच चंचल ठरतं. पण थांबताना वहीत नोंदी हव्यात, नाहीतर ती निव्वळ टाळाटाळ. आमच्या वहीत होतं: माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) बांधताना तासभर रमला, जेवताना चारदा उठला. (आवडत्या कामात रमतो म्हणून एडीएचडी नाहीच, असंही नसतं हं.)

माझा कौल डॉक्टरांना दाखवण्याकडे. दाखवलं की गोळ्या सुरू, ही भीती फुकाची. डॉक्टर पालकांना आणि शिक्षकांना प्रश्नावली देतात; कान, डोळे, झोप यांचीही चौकशी करतात. 6 वर्षांखालच्या मुलांत तर औषधाआधी पालकांनाच शिकवतात. फोंड्याहून बांबोळीच्या इस्पितळात जायला एक दिवस मोडतो, इतकंच.

बाईंशी वाद न घालता विचारलं, "नेमकं कधी होतं?" म्हणाल्या, "मधल्या सुट्टीनंतर, खिडकीपाशी बसवला की." तेच चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि वहीसोबत नेलं.