कुत्र्याला ‘खरजेची लस’ टोचून घेण्याआधी हे वाचा

पावसाळ्यात आमच्या लॅब्रडॉरला खाज सुटली. तोंडावर, काखेत केस गेलेले लाल चट्टे, रात्रभर खाजवणं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी घरी येणाऱ्या ‘डॉक्टर’चा नंबर टाकला. माणूस तोंडाचा गोड. कुत्र्याला हातही न लावता म्हणाला, "खरूज आहे. लस देतो. तीन डोस, गॅरंटी." डोसाचे दीड हजार, तिन्हींचे आगाऊ. सिरिंज भरूनच आणलेली. बाटली दाखवा म्हटलं तर "ती क्लिनिकच्या फ्रीजमध्ये." क्लिनिक कुठे, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी खाज गायब! खरी गोम इथेच आहे. खाज थांबली की गिऱ्हाईक खूश, ग्रुपवर वाहवा. पण मग कुत्रा भांडीच्या भांडी पाणी पिऊ लागला, घरात मुतू लागला, जेवण झालं तरी खायला मागू लागला. "औषध लागू पडतंय," हे उत्तर. दुसऱ्या डोसानंतर डोळ्यांभोवतीचे केस गेले, पंजे सुजून पू झाला.

मग पशुवैद्यांनी ब्लेडने त्वचा खरवडली आणि मायक्रोस्कोपमध्ये दाखवलं : लांबुडके, आखूड पायांचे डेमोडेक्स नावाचे माइट, म्हणजे त्वचेतले सूक्ष्म परजीवी. हे माइट निरोगी कुत्र्याच्या केसांच्या मुळांशीही थोडे असतात. प्रतिकारशक्ती घटली की फोफावतात. पाणी-भूक-लघवीची लक्षणं ऐकून त्या म्हणाल्या, टोचलेलं स्टेरॉइडच असणार. त्याने खाज दबते, पण प्रतिकारशक्तीही दबते. म्हणजे डेमोडेक्सला रान मोकळं. आणि कुत्र्यांच्या खरजेवर लस अशी नाहीच.

आता वजनानुसार फ्लुरालानर या माइट मारणाऱ्या औषधाची गोळी, पू झाल्यामुळे अँटिबायोटिक, आणि माइट दिसेनासे होईपर्यंत पुन्हा पुन्हा त्वचेची तपासणी. खर्च विचारू नका.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे. त्यानुसार नोंदणी नसलेल्याला असे उपचार करता येत नाहीत. म्हणून दारातच नोंदणी क्रमांक विचारा. बाटली समोर फोडायला लावा, लेबलचा फोटो घ्या, आणि त्वचा न तपासता कुणी सुई काढली तर चहा पाजून वाटेला लावा.

आम्ही क्रमांक विचारला तेव्हा साहेब उसळले, "इतकी वर्षं गाई-म्हशी बघतोय!" तिसऱ्या डोसाचे पैसे परत मागितले तर ब्लॉक. आता त्यांचा नंबर दुसरा आहे, आणि परवा शेजारच्या सोसायटीत ‘गोचिडांची लस’ देऊन गेल्याचं कळलं.