सळईऐवजी बांबू घालून देतो म्हणणाऱ्या ठेकेदारापासून सावध

कुडाळ तालुक्यात घराला लागून पडवी बांधायची होती. विषय ठेकेदारानेच काढला. "ताई, सळई कशाला? बीममध्ये बांबू घालू. मजबुती तीच, खर्च निम्मा." पुरावा म्हणून अमेरिकी नौदलाच्या 1966 च्या अहवालाची झेरॉक्स हातात दिली. बिलात 'प्रक्रिया केलेला बांबू' लिहून त्याचे वेगळे पैसे लावले.

ऊन तापू लागलं तशी बीमच्या पोटाला लांबलचक चीर गेली. इंजिनिअरनी छिन्नीने वरचा काँक्रीटचा थर (कव्हर) फोडला. आत माणगा जातीच्या बांबूच्या फाकी आणि त्यांच्याभोवती पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. एका फाकीचं टोक बाहेर राहिलं होतं, त्याला बारीक भोकं पडली होती. टिचकी मारली की पिवळसर पीठ गळायचं. म्हणजे कीड लागलेली; प्रक्रिया वगैरे काही केलेलीच नव्हती.

ओला बांबू काँक्रीटमधलं पाणी पिऊन फुगतो, पुढे वाळून आकसतो आणि पकड सुटते. बांबूच्या पट्टीची ताणशक्ती प्रयोगशाळेत चांगली भरते, त्यावरूनच 'मजबुती तीच' हे अर्धसत्य खपवलं जातं. पण त्याचा ताठपणा पोलादाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणून बीम जास्त वाकतो, जास्त तडकतो. शिवाय सळई तुटण्याआधी ताणली जाते, माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. बांबू एकदम तुटतो. त्या पडवीत आमची मुलं खेळतात, याचा संताप अजून जात नाही.

तो अहवाल भाच्याकडून नीट वाचून घेतला. त्यात तपकिरी, किमान तीन वर्षांचा बांबू घ्या, तीन-चार आठवडे वाळवा, पाणी शिरू नये म्हणून पातळ लेप द्या, असं स्पष्ट लिहिलंय. आमच्याकडे आदल्या दिवशी तोडलेला हिरवा बांबू आला होता, हे त्याच्याच कामगाराने सांगितलं. 2018 मध्ये अभ्यासकांनी या पद्धतीचा सविस्तर आढावा घेतला. त्यांनी तर टिकाऊपणा, ताकद, ताठपणा या तिन्ही बाबतींत तिला नापास केलंय.

बांबूबद्दल माझी तक्रार नाही. छपराला, कुडाला तो उत्तमच, आणि बांबूच्या बांधकामासाठी आयएस 15912 हे वेगळं मानकही आहे. काँक्रीटच्या आयएस 456 मध्ये मात्र सळई पोलादाचीच धरलेली आहे. कुणी बांबूचा बीम सुचवला तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचं डिझाइन मागा. आणि काँक्रीट ओतण्याआधी सेंटरिंगवरच्या (काँक्रीटच्या साच्यावरच्या) जाळीचे फोटो काढून ठेवा; ग्राहक आयोगातल्या आमच्या तक्रारीला त्या हिरव्या फाकींच्या फोटोंचाच मोठा आधार आहे.