खांदा सारखा सटकतो: रॉकवुडचे व्यायाम की वॉटसनचे?

आधी आठवा, खांदा पहिल्यांदा निखळला तो कसा. कबड्डीच्या पकडीत हात ओढला गेला असेल, तर सांध्याची पुढची कूर्चेची कडा फाटलेली असू शकते. ती व्यायामाने शिवली जात नाही. त्यातून वय विशीच्या आतबाहेर असेल आणि खेळ सोडायचा नसेल, तर सर्जनचं मत लवकर घ्या. पण मार न लागताच, फडताळातला डबा काढताना किंवा कूस बदलताना खांदा घसरत असेल, तर आधी व्यायामच. बर्कहेड आणि रॉकवुड या अमेरिकी सर्जननी १९९२ मध्ये व्यायामाचे निकाल मांडले. मार न लागता सैल झालेल्या खांद्यांपैकी ८० टक्के चांगले सुधारले, मार लागून निखळलेल्यांपैकी जेमतेम १६ टक्के.

रॉकवुड पद्धत सोपी. कोपर काटकोनात, रबर बँड दाराच्या कडीला, आणि ओढणं, ढकलणं, हात आत-बाहेर फिरवणं, पुढे उचलणं. जमू लागलं की पिवळ्या बँडवरून जास्त ताणाचा लाल, मग हिरवा. रोटेटर कफ (सांध्याला धरून ठेवणारे आतले स्नायू) आणि डेल्टॉइड (खांद्यावरचा गोल स्नायू) यांची ताकद वाढते, खर्च फारसा नाही, घरी करता येतं.

ऑस्ट्रेलियातली वॉटसन पद्धत मात्र बँडला हात लावण्याआधी स्कॅपुला, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, बघते. सैल खांद्यात ते बहुधा खाली झुकलेलं असतं आणि त्यावरची सांध्याची वाटी कलते. फिजिओ ते हाताने किंचित वर फिरवून धरतो आणि तुम्हाला हात उचलायला सांगतो. दुखणं तिथल्या तिथे कमी झालं, तर तीच तुमच्या स्कॅपुलाची योग्य जागा. आधी ती टिकवायला शिकायचं, मग वजन. जिममधला ‘खांदे मागे, खाली’ हा सल्ला इथे उलटा पडतो.

मेलबर्नमध्ये ४१ जणांवर या दोन्हींची थेट तुलना झाली. मार न लागता अनेक दिशांना सैल झालेले खांदे, १२ आठवड्यांचा व्यायाम. २४ आठवड्यांनी वॉटसन गटाचं दुखणं आणि तक्रारी कमी होत्या. अभ्यास लहान आहे, तरी माझा कौल वॉटसनला.

अट एकच: बघणारी नजर हवी. हे व्हिडिओवरून शिकायचं काम नाही. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, शर्ट काढून पाठीमागून स्कॅपुलाची हालचाल तपासणार का? उत्तर ‘मशीनचा शेक देऊ’ असं आलं, तर दुसरा फिजिओ शोधा. जवळपास कुणीच नसेल, तर रॉकवुड नेमाने करा, आणि दुखेल त्या उंचीपर्यंत हात नेऊ नका.