१२ इंची पारदर्शक गोनिओमीटर: थिसिसला पुरेसा, पण रिव्हेट तपासूनच घ्या

नेरूळ आणि कामोठ्याला फिजिओथेरपीची कॉलेजं असल्याने सांध्याचा कोन मोजायचं हे साधन नवी मुंबईत सहज मिळतं. ३६० अंशांची चकती, दोन प्लास्टिकच्या पट्ट्या, किंमत काही शे रुपये. बीपीटीचे (फिजिओथेरपी पदवीचे) विद्यार्थी असोत की एमपीटीचा (पदव्युत्तर) थिसिस करणारे, गुडघा आणि कोपरासाठी हाच घ्यावा. स्टीलचा भारदस्त दिसतो, पण त्यातून खालची खूण दिसत नाही आणि स्वस्तातला असेल तर आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन पट्ट्या जोडणाऱ्या रिव्हेटपाशी गंज धरतो.

पाकीट मात्र दुकानातच उघडा. एक पट्टी उभी धरा, दुसरी ९० अंशांवर आडवी ठेवून सोडून द्या. ती आपल्या वजनाने खाली आली तर रिव्हेट सैल आहे. गुडघ्यावरून उचलून आकडा वाचेपर्यंत पट्टी सरकणारच. फार घट्ट असेल तर एक पट्टी फिरवताना दुसरीही मांडीवरून ओढली जाते. मग कंपासपेटीतल्या दोन्ही गुण्यांनी ४५, ६० आणि ९० अंश पडताळा. कोरलेले आकडे मिळाले तर उत्तम, कारण छापील आकडे स्पिरिटने पुसून पुसून उडतात. ॲक्रिलिकला तर स्पिरिटने बारीक तडे जातात. साबणाचं पाणी पुरतं.

एवढं करूनही चूक होते ती बहुधा साधनाची नसते, खुणेची असते. गुडघ्याला चकतीचा मध्यबिंदू फीमरच्या लॅटरल एपिकाँडाइलवर (मांडीच्या हाडाचा गुडघ्यापाशी बाहेरच्या बाजूचा उंचवटा), स्थिर पट्टी ग्रेटर ट्रोकँटरच्या (खुब्यापाशी बाहेरून लागणारा हाडाचा उंचवटा) रोखाने, हलणारी लॅटरल मॅलिओलसच्या (घोट्याचं बाहेरचं हाड) रोखाने. साडीवरून किंवा जाड सलवारीवरून ट्रोकँटर नीट चाचपता येत नाही, अंदाजाने पट्टी लावली जाते आणि रीडिंग रोज बदलतं. चादरीचा आडोसा करून हाड बोटाखाली घ्या, स्किन पेन्सिलने खूण करा. उंच पेशंटला १२ इंचही तोकडे पडतात, तेव्हा ही खूण फारच कामाला येते.

थिसिससाठी सगळ्या पेशंटना एकच नग आणि मोजणारा एकच माणूस ठेवा. तीन रीडिंग घेऊन सरासरी काढा. पट्टी धरणाऱ्याने आकडा पाहू नये, दुसऱ्याने वाचून लिहावा. नाहीतर १०७ चे नकळत ११० होतात. उपचारानंतर ५ अंशांहून कमी फरक दिसला तर सुधारणा म्हणण्याची घाई नको, तेवढी चूक मोजण्यातच असू शकते. बिलावर कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या, मेथडॉलॉजीत लागतं. अभ्यासात उपचार देणार असाल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयची (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, इंडिया) नोंदणी, दोन्ही पहिला पेशंट घेण्याआधी हवीत.

फोनमधलं ॲप? बरीचशी ॲप गुरुत्वाकर्षणाच्या रेषेवरून कोन काढतात, त्यामुळे बसलेल्या पेशंटचं मानेचं रोटेशन (मान डावी-उजवीकडे वळणं) त्यांना कळतच नाही. शिवाय मागचा कॅमेरा फुगीर असेल तर फोन त्वचेवर सपाट बसत नाही.

बोटांच्या सांध्यांना हा नग निरुपयोगी, त्याचा छोटा गोनिओमीटर वेगळा मिळतो. आणि स्कूटीच्या डिकीत ठेवू नका. उन्हाने पट्टी वाकते, आणि टेबलावर सपाट ठेवून पाहिल्याशिवाय ते लक्षातही येत नाही.