उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी: बाहेर वॅक्स की सिरॅमिक स्प्रे, आत साधं विनाइल की कास्ट

घरच्या घरी पेंटचं डिटेलिंग (बारकाईने सफाई आणि चमक) आणि आतल्या ट्रिमला, म्हणजे दारा-डॅशबोर्डवरच्या शोभेच्या पट्ट्यांना, चिकट फिल्मचा रॅप, दोन्ही करायचं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी लिहितोय. दोन बादल्या (एक साबणाची, एक कपडा खंगाळायची), क्ले बार (रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी), मायक्रोफायबर हे सगळं माहीत आहे असं धरतो. माझी गाडी गडद निळी मेटॅलिक, नागपुरात, शेड नसलेल्या पार्किंगमध्ये उभी असते आणि धुवायला पाणी बोअरचं. हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा, कारण बेसमेंटमध्ये गाडी लावणाऱ्याचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

दोन्ही ठिकाणी मी मुद्दाम अर्धं-अर्धं करून बघितलं. बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप, डावीकडे कार्नोबाचं (एका ताडाच्या पानांवरच्या मेणाचं) पेस्ट वॅक्स, उजवीकडे सिरॅमिक स्प्रे, म्हणजे फवारून पुसायचा, सिलिकावर आधारित संरक्षक थर. आत ड्रायव्हरच्या दाराच्या ट्रिमला ॲक्सेसरीजच्या दुकानात मीटरवर मिळतं ते साधं, म्हणजे कॅलेंडर्ड विनाइल आणि शेजारच्या दाराला कास्ट विनाइल, दोन्हींतला फरक पुढे सांगतो.

आधी बाहेरचं, ते लवकर आटपतं. चमक म्हणाल तर मला वॅक्सचीच आवडते, गडद रंगाला जी खोली येते ना ती स्प्रेने येत नाही, स्प्रेची चमक थोडी काचेसारखी कोरडी वाटते, अर्थात हे माझ्या डोळ्यांचं मत. पण नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) इथे पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी बॉनेटला हात लावता येत नाही. शुद्ध कार्नोबा वितळतो ८२ ते ८६ अंशांना, मात्र डबीतल्या पेस्टमध्ये तेलं आणि सॉल्व्हंट मिसळलेले असतात त्यामुळे ती त्याच्या बरीच आधी मऊ पडते. माझ्या बॉनेटवर पहिला पाऊस आला तेव्हा डाव्या अर्ध्यावर पाणी नुसतं पसरलं, उजवीकडे अजून गोल थेंब धरत होते. मोजमाप काही केलेलं नाही, डोळ्यांना दिसलं ते सांगतोय.

स्प्रेचे नखरे पण आहेत. गरम पत्र्यावर मारला की पट्टे उठतात, म्हणून सकाळी लवकर, एकेक पॅनल घेऊन, दुसऱ्या कोरड्या कपड्याने लगेच पुसून घ्यायचं. खाली जुनं वॅक्स असेल तर स्प्रे नीट धरत नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावं लागतं. आणि स्टुडिओत करतात त्या काही वर्षं टिकणाऱ्या कोटिंगची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका, हा काही महिन्यांचाच मामला. उलट वॅक्सचा त्रास म्हणजे काळ्या प्लॅस्टिकच्या क्लॅडिंगवर (गाडीच्या खालच्या कडेच्या पट्ट्यांवर) चुकून लागलं की पांढरे डाग बसतात आणि ते ब्रशने घासत बसावं लागतं. बोअरच्या पाण्याच्या बाबतीत दोन्ही सारखेच, थेंब वाळला की क्षारांची पांढरी कडी राहतेच, त्यामुळे धुतल्यावर टॉवेलने लगेच टिपून घेणं याला पर्याय नाही. डाग घालवायला कंपाउंड (घासून रंग उगाळणारी पेस्ट) मारायचा मोह होतो, तो आवरा. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनच असतो आणि दर वेळी त्यातला थोडा जातो, परत येत नाही.

दसऱ्याला बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढणार असाल तर आधी दोन्हीपैकी काहीतरी एक लावून ठेवा एवढं मात्र आवर्जून सांगतो, विशेषतः गाडी पांढरी असेल तर. आणि नंतर कोरडं पुसू नका, आधी पाण्याने वाहू द्या, त्यातले कण ओरखडे पाडतात.

म्हणजे बाहेर माझं मत हळूच स्प्रेकडे झुकतं, पण तुम्ही वॅक्स घेतलंत तरी बिघडत काही नाही, नाही पटलं तर पुढच्या रविवारी दुसरं लावा. आतलं तसं नाही, म्हणून खरा वेळ तिकडे द्या.

दोन्ही विनाइल पीव्हीसीचीच, फरक बनवण्यात आहे. कॅलेंडर्ड म्हणजे गरम पीव्हीसी रुळांमधून दाबत ओढत पातळ केलेलं, तो ताण फिल्ममध्ये राहून जातो आणि पुन्हा उष्णता मिळाली की ती आखडायला बघते. कास्ट म्हणजे पातळ द्रव कागदावर ओतून भट्टीत सुकवलेलं, त्यात तसा ओढल्याचा ताण नसतो. कास्ट साधारण ५० मायक्रॉन, कॅलेंडर्ड ७५ ते १०० च्या घरात.

लावताना कॅलेंडर्ड सोपं वाटलं हे मान्य करायला हवं. जाड असल्याने हातात नीट राहतं, चुरगळत नाही, खालच्या ट्रिमवरचे बारीक ओरखडे झाकून टाकतं. कास्ट हवेने सुद्धा स्वतःलाच चिकटतं आणि खाली धुळीचा एक कण राहिला तरी तो वर उठून दिसतो. किमतीतही बराच फरक आहे. लावल्या दिवशी दोन्ही दारं शेजारी शेजारी उघडून दाखवली असती तर कुठलं महाग हे कोणी सांगू शकलं नसतं.

उन्हाळा सुरू झाल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला पॉवर विंडोच्या बटणांभोवतीची जी पट्टी आहे तिच्या कडेला फिल्म केसभर मागे सरकली. केसभरच, दुरून दिसणार पण नाही. पण फिल्म मागे सरकते आणि गोंद जिथे आहे तिथेच राहतो, म्हणजे कडेने गोंदाची एक बारीक उघडी रेघ तयार होते. त्या रेघेवर धूळ बसते, मायक्रोफायबरचे तंतू अडकतात, आणि काही आठवड्यांत चंदेरी ट्रिमला काळी मळकट किनार दिसायला लागते. काच वर-खाली करताना अंगठा नेमका तिथेच टेकतो आणि चिकट लागतो. पुसायला गेलं तर कपडा अडकून कड आणखी उचलते. हेअर ड्रायरने गरम करून दाबलं तर कड बसते, पण आखडलेली फिल्म परत लांब होत नाही, रेघ तशीच उघडी. रोज गाडीत बसल्यावर पहिला स्पर्श त्या चिकटपणाचा, यानेच माझा निर्णय झाला. शेवटी ती बाजू सोलून काढली, फिल्म निघाली पण गोंद ट्रिमवरच राहिला आणि तो काढण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

शेजारच्या दाराची कास्ट फिल्म त्याच उन्हात जशीच्या तशी आहे. तिथेही एक अट आहे, कोपऱ्यावर तुम्ही स्वतः ताणून बसवलेली जागा हीटगनने शेवटी नीट तापवली नाही, साधारण ९० ते १०० अंशांपर्यंत, कंपनीने दिलेला आकडा बघून, तर कास्टसुद्धा मागे येते. खालचं प्लॅस्टिक मऊ पडणार नाही इतपत हात फिरता ठेवायचा. आणि डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन खोबणींमध्ये राहिलं तर कुठलीच फिल्म धरणार नाही, ट्रिम क्लिपमधून सुटी काढून अल्कोहोलने पुसा आणि फिल्म कडेवरून मागे वळवून चिकटवा. दाणेदार डॅशबोर्डच्या नादी लागू नका. एअरबॅगच्या झाकणावर तर कुठलीच फिल्म लावायची नाही, तिथे झाकण ठरलेल्या रेषेतच फाटायला हवं.

गाडी कायम सावलीत असेल, ट्रिम सपाट असेल आणि वर्ष-दोन वर्षांत डिझाइन बदलायची हौस असेल तर कॅलेंडर्ड घ्या, पैसे वाचतील. माझ्यासारखी उन्हात असेल तर मी म्हणेन बाहेरच्या बाटलीत काटकसर करा, आत करू नका. सगळ्या आतल्या पट्ट्यांना मिळून फिल्म लागते तरी किती, मीटरभरात बहुतेक गाड्यांचं काम होऊन जातं.

दुकानात विचारलं की प्रत्येक रोल कास्टच असतो असं सांगतात, म्हणून मी आता तळहाताएवढा तुकडा मागून घेतो, स्टीलच्या छोट्या ताटलीवर चिकटवतो, ब्लेडने त्यात फुली मारतो आणि ताटली दुपारी बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवून देतो. चांगलं कास्ट असेल तर फुलीच्या रेषा मिटलेल्या राहतात, कॅलेंडर्ड असेल तर काही दुपारींत फटीतून स्टील दिसायला लागतं. तोवर रोल घ्यायची घाई करू नका.