वॉटरमेकरच्या नावाखाली १,७८,५०० रुपये गेले. शिडाची बोट असणाऱ्यांनी वाचाच

कोचीहून अंदमानला जायचं ठरलं तेव्हा बोटीवर वॉटरमेकर, म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, बसवायचा की नाही, यावरून घरात वाद होता. टाकी ३०० लिटरची, माणसं दोन. वर कॅन भरून घेतले तरी भागेल, असं बायकोचं म्हणणं. नवीन यंत्र आवाक्याबाहेर. तेवढ्यात निरोप आला, कोचीत एका परदेशी बोटीवरचा वॉटरमेकर २,१५,००० ला विकायचाय. टोकन ५०,०००. पॅकिंग झालं म्हणून १,१०,०००. उरलेले ५५,००० माल हातात आल्यावर, म्हणून तर विश्वास बसला! मग कस्टमच्या नावाने १८,५००. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

यंत्र चालू असल्याचा विकणाऱ्याने पाठवलेला तो व्हिडिओ डोक्यातून जात नाही. बादलीत पाण्याची जाड धार, पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ९०, म्हणजे गोडं पाणी, आणि शेजारी हाय-प्रेशर गेजचा काटा १० बारवर. अहो, समुद्राच्या पाण्याचा ऑस्मोटिक दाबच २७ बारच्या आसपास! त्याहून जास्त दाब दिल्याशिवाय मेम्ब्रेनमधून, म्हणजे मीठ अडवणाऱ्या पडद्यातून, गोडं पाणी निघतच नाही. ही यंत्रं ५५ बारच्या आसपास चालतात. नळाचं पाणी सोडलं होतं आत. काटा समोर होता आणि मी मीटर बघत होतो. पण ज्याने वॉटरमेकर कधी चालवला नाही, तो पाणीच बघणार ना? सिरियल नंबरचा फोटो मागितला होता, तोही आला. डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत मी.

पोलीस ठाण्यात विचारलं, "समुद्रात राहता, मग पाण्याचं मशीन कशाला?" मग, "बोटीचा पत्ता काय?" मग, गुन्हा केरळातला, तिकडे जा. झिरो एफआयआर कायद्यात आहे, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, हे मीच सांगितलं तर साहेब चिडले. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेचं पत्र आणा. त्या हेलपाट्यांत पैसे खात्यातून केव्हाच निघून गेले. चोरापेक्षा या लोकांचा जास्त संताप येतो.

पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, ठाण्याची वाट नंतर धरा. व्हिडिओ मागाल तर एकाच शॉटमध्ये समुद्रात सोडलेला पाइप आणि गेज दोन्ही दिसले पाहिजेत. जुनं मेम्ब्रेन तर घेऊच नका; क्लोरीनच्या पाण्याने धुतलेलं असेल तर गेलंच ते. यंत्र बंद ठेवताना मेम्ब्रेन खराब होऊ नये म्हणून मेटाबायसल्फाइट हे रसायन भरून कधी ठेवलं, ते विचारा. खऱ्या मालकाला सांगता येतं.

तोच व्हिडिओ पुन्हा फिरतोय, बोटीचं नाव वेगळं, किंमत १,९५,०००. पांढरी बादली, निळा दांडा, काटा १० वर.